बाराव्या घराची दोरी

बुझी नदीच्या काठी आम्ही खांब रोवला.
माथ्यावर सौरपट्टी, पोटात मोजपट्टी,
पाणी चार मीटरला टेकलं
की आपोआप वाजणारा भोंगा.
मापूतोत त्याला बक्षीस मिळालं होतं.
गावाला आता फक्त शिकवायचं उरलं होतं.
त्यासाठी सात पानी पुस्तिका आणली होती,
पोर्तुगीजमध्ये, चित्रांसकट.

आंब्याखाली माणसं जमली.
पाहुणा आला की जमावं लागतं.
दोमिंगासनं खुर्च्या पुसल्या,
मुखियानं आभार सुरुवातीलाच मानून टाकले,
म्हणजे मग बोलायचं काही उरत नाही.

भोंगा वाजवून दाखवला.
कोंबड्या उधळल्या, पोरं खिदळली, टाळ्या पडल्या.
एक म्हातारा तेवढा
होडीच्या फळीवर रंधा फिरवत राहिला
मान वर न करता.

अकरा वर्षांच्या भाचीनं, फेलिझार्दानं,
त्याच्या खांद्याला हात लावून खांब दाखवला.
झेफेरिनोनं तो खालपासून वरपर्यंत निरखला.
कानांवर तळवे दाबले,
मान कलती करून डोळे मिटले,
मग उघडून आमच्याकडे पाहिलं
आणि रिकामे हात पसरले.

‘मामा विचारतो,’ फेलिझार्दा म्हणाली,
‘मला कोण उठवणार?’

पुस्तिकेच्या सातव्या पानावर
फोन नंबर होता.

मग मात्र आंब्याखाली बोलणं चढत गेलं.
रोझारिया म्हणाली, वारा समुद्राकडून सुटला
की भोंगा खालच्या वस्तीला ऐकूच जायचा नाही,
आणि पूर येतो तेव्हा वारा समुद्राकडूनच असतो.
कुणी म्हणालं, चार मीटर?
चार मीटरला माझ्या शेळ्या पोहत असतात.
आणि खांब तिथं का रोवलात?
नदी समोरून येत नाही,
ती मागच्या नाल्यातून येते, चोरासारखी.
हे आम्हाला ठाऊक नव्हतं.
खांबाशी खेळणाऱ्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

झेफेरिनोनं तोवर घायपाताची दोरी उचललेली.
एक टोक स्वतःच्या घोट्याला बांधलं,
दुसरं शेजाऱ्याच्या हाती दिलं
आणि भर सभेत आडवा झाला, घोरण्याचं सोंग घेऊन.
शेजाऱ्यानं हिसका दिला.
तो उठून बसला.
हसला.

तीन आठवडे आम्ही गाठी शिकलो.
घरापासून घराला दोरी, दोरीला डबे,
शेवटचं टोक नाल्यातल्या ओंडक्याला.
पहिल्याच रात्री शेळीनं दोरी ओढली.
अख्खा गाव टेकडीवर,
लख्ख चांदणं, पाण्याचा पत्ता नाही.
दोमिंगासनं शेळीला आणि आम्हाला
एकाच शिवीत बसवलं.
दोरी पुरुषभर उंच घ्यायची ठरली.
ठरवलं शिवी देणारीनंच.

अडलं ते अकराव्या घरापाशी.
अकराव्याचं आणि बाराव्याचं वैर,
एका हरवलेल्या होडीवरून, सहा वर्षांचं.
पुराला हात लावू देईन, म्हणाला अकरावा,
पण त्याच्या दोरीला नाही.
यावर आमच्याकडे उपकरण नव्हतं.
गावाकडेही नव्हतं;
त्यांच्याकडे फक्त संध्याकाळी होत्या, पुष्कळ,
आणि दोन्ही दारांशी जाऊन बसणारी रोझारिया.

मापूतोत परतल्यावर अर्ज भरायला बसलो.
‘शोधकाचे नाव’ – एक ओळ.
मी लिहिलं झेफेरिनो,
मग रोझारिया, फेलिझार्दा, दोमिंगास,
शाई रकान्याबाहेर गेली, समासात उतरली,
शेंबड्या पोराचं नाव विचारायचं राहिलं होतं.
साहेब म्हणाले, एकच चालतं.
अर्ज माझ्या खणात आहे.

काल फेलिझार्दाचा फोन आला.
बाराव्या घराला दोरी पोचली म्हणाली,
गाठ कुणी मारली ते कुणी सांगत नाही.
जरा सैल आहे.
मामा रोज रात्री जाऊन
हलकेच ओढून बघतो.